उषाबाईच्या पाठीला फुटलेले कान

मंठ्याच्या बाजारतळामागच्या गल्लीनं ज्या दिवशी मिळून उषाबाईचं दार मोडलं, त्या दिवशी उषाबाई आंगणातल्या उन्हात, दाराकडं पाठ करून, निवांत गहू निवडीत बसली होती. पहार आणली म्हाताऱ्या तातेरावनं, खांदे लावले नंदाबाईच्या पोरांनी, अन् कडी-कोयंड्यासकट फळी आत आदळली. धुरळा उडाला, गल्ली आत घुसली. उषाबाईला ह्यातलं काहीच ऐकू आलं नाही. सुपावर कुणाचीतरी सावली पडली म्हणून तिनं मान वळवली, तर आंगण माणसांनी भरलेलं, अन् सगळ्यांच्या पुढं शेजारची रजियाबी, तोंडावर ओढणी दाबून उभी.

"काय झालं गं?" उषाबाई म्हणाली. "कोण गेलं?"

रजियाबीनं कपाळावर हात मारून घेतला. "अगे, तूच गेली समजून तर आलो आम्ही! सुबह से आवाज देते देते गला बैठ गया मेरा."

"म्या कशाला जाऊ? गहू कोण निवडील?"

तातेरावनं पहार भिंतीला टेकवली अन् खाली बसून हसू लागला. मग सगळेच हसले. पण हसता हसता रजियाबी रडत होती, ते उषाबाईनं बघितलं. तिला ऐकू येत नसलं तरी दिसत बारीकातलं बारीक होतं.

झालं होतं असं. उषाबाईचा मुलगा भारत पुण्याला चाकणच्या एका कारखान्यात कामाला. सकाळी रात्रपाळी सुटली की तो मोबाईलवर आईचं तोंड बघायचा. ती त्याचे ओठ बघून बोलायची. त्या दिवशी मोबाईल चुकून पिठाच्या डब्यात झाकला गेला. भारतनं फोन लावून लावून शेवटी रजियाबीला लावला, रजियाबीनं दार वाजवलं, गल्लीनं दार वाजवलं, अन् आतून ना आवाज ना चाहूल. पुढचं काम पहारीनं केलं.

उषाबाई काही जन्माची बहिरी नाही. तिचे कान गिरणीनं खाल्ले.

नवरा भुजंग यानं घराच्या पुढच्या खोलीत पिठाची गिरणी टाकली, अन् भारत शाळेत जायच्या आतच तो छातीत कळ येऊन गेला. भावकीतले म्हणाले, बाईच्या जातीला हे झेपायचं नाही, मोटर तरी काढून टाक. उषाबाईनं पदर खोचला. फिरता पट्टा चढवायला शिकली, घासलेल्या दगडांना टाकी मारायला शिकली, दोन बोटांत पीठ चोळून त्याचा पोत सांगायला शिकली. उमेदीची सगळी वर्षं तिनं त्या खडखडाटात काढली. गिरणीत ऐकणारा अन् बहिरा सारखाच. "बारीक दळ", "भाकरीचं हाय", "आधी माझं घे, पाव्हणे आलेत", सगळं ओठांवरून अन् हातवाऱ्यांवरून. दगड रिकामा फिरू लागला की ते कानाच्या आधी तिच्या तळपायाला कळायचं.

डब्यांची रांग दारापासून रस्त्यापर्यंत. डबे सारे एकाच वळणाचे, म्हणून बायका खुणा बांधायच्या. नंदाबाईच्या डब्याला लाल चिंधी, रजियाबीच्या डब्याच्या कडीत हिरवी बांगडी. रजियाबीचा डबा परत जाताना आणला त्यापेक्षा जरासा जड असायचा. ह्यावर दोघींपैकी एकीनंही कधी तोंड उघडलं नाही. तो डबा डोक्यावर नेणारा रजियाबीचा पोरगा इजहार, त्याच्या मानेला मात्र बराबर माहीत होतं.

कान कधी गेले हे उषाबाईला फार उशिरा कळलं. गुडघे बोलू लागले तेव्हा तिनं गिरणी बंद केली, शटर ओढलं, आता जरा शांत झालं म्हणून बसली. अन् शांतता काही संपेचना. गल्लीतली माणसं नुसती ओठ हालवत जाताना दिसली, तेव्हा तिला उमगलं. भारतनं कानात घालायचं यंत्र आणलं. त्यातून शब्द येईनात, नुसती घरघर. "बाहेरची गिरणी बंद केली अन् आता कानात चालू करू का?" असं म्हणून तिनं ते फळीवर ठेवून दिलं.

समोर आलेल्या माणसाचं तिला सगळं ऐकू यायचं, म्हणजे दिसायचं. नवखा माणूस तर अर्धा घंटा बोलून जायचा अन् त्याला पत्ताही लागायचा नाही. अडचण एकच, पाठीमागचं. पाठीमागं जग बुडालं तरी तिला ठाऊक नाही. अन् अलीकडं तिच्या मनानं एक घेतलं होतं, ते तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. पीठ होतं तवर माणसं होती. गिरणी बंद पडली, आता ह्या दारात कोण येतंय?

दार मोडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी भारत आला. रात्रभर बसमधून उभ्यानं आल्यासारखं त्याचं तोंड झालं होतं.

"माय, सामान बांध."

"काहून?"

"काहून म्हंजे? काल दार मोडावं लागलं. उद्या गॅस चालू राह्यला, तू पडलीस, काही झालं, तर कोणाला कळंल?"

"तिथं तरी कोणाला कळतंय? तुम्ही दोघं कामाला, लेकरं शाळंत, अन् म्या सातव्या मजल्यावर. तिथल्या लोकाइचे ओठ मला वाचता येत न्हाईत भारत. भराभरा बोलतेत, अन् अर्धं तर बघतेतच न्हाईत तोंडाकडं."

भारत काही वाईट पोरगा नव्हता. आईला न्यायचं म्हणजे तिला तिच्या माणसांच्या तोंडांपासून तोडायचं, हे त्याला कळत होतं. पण दार मोडल्याचा तो दिवस त्याच्या डोक्यातून जात नव्हता.

मोडलेल्या दाराचा कोयंडा बसवायला इजहार आला होता. इजहार भारतच्याच वर्गातला. आयटीआय करून आता जालन्याला बंगल्यांमधून मोबाईलनं दिवे-पडदे चालवायची यंत्रं बसवतो, अन् संध्याकाळच्या जीपनं मंठ्याला घरी येतो. भारतनं त्यालाच मधे घातलं.

"इजहार, तू घरं हुशार करतो म्हणतेत. आमचं करशील का? दारात कोणी आलं तर मायला कळलं पाह्यजे, गॅस सुटला तर कळलं पाह्यजे. मी पाडव्याला येतो. तवर जमलं तर ठीक, न्हाई तर येताना मोठी बॅगच आणतो."

"जमंल की," इजहार म्हणाला. "अन् क्यामेरा?"

"क्यामेरा न्हाई," उषाबाई म्हणाली. ती दोघांचेही ओठ वाचत होती. "म्या न्हाऊन येते तवा पुण्यात बसून बघायचंय का तुम्हाला?"

क्यामेरा बाद झाला.

इजहारनं बंगल्यात बसवतो तेच बसवलं. पुढच्या दाराला देखणी बेल. दाबली की स्वयंपाकघरात अन् आंगणात एकेक दिवा पेटणार. चुलीजवळ गॅस हुंगणारी डबी. मधे साऱ्या वायरी जोडायचं एक मोठं इलेक्ट्रॉनिक कार्ड, ते सगळ्यांचं ऐकणार अन् भारतच्या मोबाईलला कळवणार. बरेच दिवस गेले. दिवा पेटला तो सिलिंडरवाल्यासाठी, अन् एकदा मीटरचं रीडिंग घेणाऱ्यासाठी. उषाबाईला जे वाटत होतं त्यावर दिव्यानंच शिक्का मारल्यासारखं झालं. कोणी येतच नाही तर दिवा काय पेटंल?

इजहारला मात्र हे पटेना. त्यानं नंदाबाईला गाठलं.

"नंदामावशी, तू उषामावशीकडं जात न्हाईस का?"

"जाते की. काल गेल्ते, परवा गेल्ते. मागची कडी वाजवून वाजवून थकते अन् वापस येते."

"मंग बेल काहून दाबत न्हाईस?"

नंदाबाईनं कंबरेवर हात ठेवले. "बेल? म्या काय परकी हाय का बेल दाबाया? उद्या माह्या सासूच्या घरी मला चिठ्ठी पाठवून जाय म्हणशील."

इजहार जागच्या जागी थंड झाला. बंगल्यात माणूस बेल दाबतो कारण बंगल्यात माणूस परकाच असतो. ह्या गल्लीत बेल दाबणं म्हणजे आपलं नातं तोडून रस्त्यावर उभं राहणं. तो स्वतः जन्मापासून उषाबाईच्या घरी कधी बेल दाबून, हाक मारून गेला नव्हता. तो परसातल्या पत्र्यावर थाप मारून जायचा. अन् बसवताना तेवढंच त्याच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

पुढच्या सुट्टीला तो सकाळीच आला, आंगणाच्या कोपऱ्यात ज्वारीच्या पोत्यावर बसला. उषाबाईनं विचारलं, "काय रे, काम न्हाई का?"

"काम करून राह्यलो मावशी. तू तुझं निवडत बस."

ती सुपात मान घालून बसली. अन् इजहारनं तिच्या पाठीमागं काय काय होतंय ते दिवसभर बघितलं. शेजारच्या शालूनं मधल्या भिंतीवर उलथनं वाजवलं, "काकी" म्हणून दोनदा हाका मारल्या, अन् कालवणाची वाटी परत नेली. नंदाबाईनं मागची कडी खडखडवली. तातेराव पुढच्या ओट्यावर येऊन काठी आपटून बसला, जरा वेळ वाट बघितली, चहाचं काही चिन्ह दिसेना तसा उठून गेला. परसातल्या पत्र्यावर रजियाबीची थाप पडली. नळाला पाणी आलं, अख्ख्या गल्लीत "पाणी आलंऽऽ" झालं, हंडे खणखणले, अन् उषाबाई गव्हातला खडा उन्हात धरून बघत होती.

दिवस मावळायला इजहार तिच्या समोर जाऊन बसला, तोंड नीट उजेडात धरलं अन् एकेक नाव सांगितलं. कोण आलं, कोणीकडून आलं, किती वेळ थांबलं.

उषाबाई म्हणाली, "तातेराव पण?"

"तो तर म्हणे रोज येतो."

"रोज?"

"त्याला वाटलं तू रागावलीस. चहा द्यायचं सोडलंस म्हणून."

उषाबाईनं सूप खाली ठेवलं, पदरानं तोंड पुसलं. तोंडावर पीठ नव्हतं, घाम नव्हता, तरी पुसलं. "मेली सगळी," ती म्हणाली, "समोर येऊन मरायला काय झालंतं ह्यांना?" पण आवाज नेहमीचा नव्हता.

"ते काय समोर यायचे न्हाईत मावशी. ज्याची त्याची वाट ठरलेली. आपल्यालाच प्रत्येकाच्या वाटंवर जाऊन बसावं लागंल."

अडचण ही होती की मोठ्या कार्डाला वायरी लावायच्या जागा मोजक्या. बेल अन् गॅसची डबी लावली तेवढ्यात निम्म्या भरल्या. इजहारनं जालन्याहून तीन हिरव्या पाट्या आणल्या, पोस्टकार्डाच्या निम्म्या, दोन्ही कडांना बारीक स्क्रूंच्या रांगा.

"हे काय?"

"एक्सपांडर म्हणतेत. कार्डाच्या जागा वाढवायला. ह्या दोघींनी बाहेरची खबर आत घ्यायची. ही तिसरी, हिनं तुला सांगायचं."

उषाबाईनं एक पाटी उलटीपालटी केली. "म्हंजे ह्या दोघींत दाणे टाकायचे अन् हिच्यातून पीठ."

"बराबर! अन् तिघी मोठ्या कार्डाशी बोलणार, ते फक्त ह्या दोन वायरीवरून. तिघींची एकच वाट."

सगळं कुठं बसवायचं ह्याचा प्रश्नच नव्हता. बंद गिरणीच्या भिंतीवर स्टार्टरची जुनी पेटी होती. तिचं लोखंडी झाकण काढून प्लास्टिकचं लावलं अन् तिच्या पोटात कार्ड अन् पाट्या बसवल्या. मग वायरी निघाल्या, ज्याच्या त्याच्या वाटेनं. मागच्या कडीला चुंबकाची चिमटी. शालूच्या भिंतीवर धक्का ओळखणारी टिकली, शालूनं स्वतः जागा दाखवली, "इथं मार भाऊ, माझं उलथनं इथंच बसतंय." परसातल्या पत्र्याखाली तशीच दुसरी. ओट्याच्या फरशीखाली तातेरावच्या काठीसाठी एक. नळाच्या पाइपात फिरणारी चकरी. तातेराव दिवसभर खुर्ची टाकून देखरेख करीत बसला होता. कामात त्याचा उपयोग शून्य, पण हुकूम बराबर.

दिव्यांवर मात्र उषाबाईनं काट मारली. "उन्हात दिवा दिसत न्हाई. अन् म्या सुपात बघू का तुह्या दिव्याकडं?"

"मंग कसं सांगू तुला?"

तिनं पाय पुढं केला. "ह्याला सांग. ह्याला अजून ऐकू येतं."

इजहार बघतच राहिला. दुसऱ्या दिवशी त्यानं मालिशच्या जुन्या गाद्या फोडून आतल्या हालणाऱ्या मोटरी आणल्या. एक तिच्या बसायच्या पाटाखाली, एक खाटेच्या पायाला, एक चुलीपुढं उभं राहायच्या फळीखाली. परक्याच्या बेलीला एक लांब थरथर. कडीला दोन झटके. भिंतीला बारीक बारीक तीन, पत्र्याला सावकाश चार. काठीला एकच, पण ठोसा मारल्यासारखा. पाण्याला थांबायचंच नाही, गिरणीसारखं चालूच.

पहिल्या दिवशी सगळं लावून इजहार जीप पकडून गेला. दुपारी उषाबाई पाटावर बसली होती, अन् पाट खालून असा काही थरथरू लागला की सुपातले दाणे उडाले. पाणी! आयुष्यात पहिल्यांदा तिला गल्लीच्या आधी पाणी कळलं होतं. ती हंडा घेऊन उठली, नळाकडं जाता जाता दाराबाहेर तोंड काढून जीव खाऊन ओरडली, "पाणी आलंऽऽ!"

बहिऱ्या माणसाला आपल्या आवाजाचं माप नसतं. ती हाक बाजारतळापर्यंत गेली. शालू तव्यावरची भाकरी टाकून निघाली, रजियाबी नमाजाची चटई गुंडाळता गुंडाळता बादली घेऊन आली, वरच्या आळीची माणसं टाक्यांचे पाइप ओढत पळाली. सगळ्यांनी तोट्या सोडल्या. तोट्यांनी खाकरलंसुद्धा नाही.

अन् मागच्या दाराशी नंदाबाई, हातात भज्यांची ताटली, कडी खडखडवून थकून उभी. "आगं, म्या आलेय!" ती ओरडत होती. "पाणी कुठलं? म्या, म्या!"

संध्याकाळी इजहार आला तर गल्ली त्याची वाटच बघून राह्यली होती. तातेराव म्हणाला, "ये मिस्त्री. तुझ्या यंत्रानं नंदाबाईचं पाणी केलं."

इजहारनं पेटी उघडली अन् पाट्यांकडं बघितल्याबरोबर जीभ चावली. मग उषाबाईला जवळ बोलावलं.

"मावशी, हे बघ. दोन वायरीवरून तिघी बोलणार, म्हणून दर एकीला आपला वेगळा नंबर द्यावा लागतो. ह्या बारीक काळ्या टोप्या हायेत ना, ह्या हलवून द्यायचा. कारखान्यातून साऱ्या एकाच नंबरच्या येतेत. म्या तिसरीचा बदलला अन् दुसरीचा राह्यला. कार्डानं हाक मारली की पहिली अन् दुसरी एकदमच ओ देतेत. कडी दुसरीच्या पहिल्या जागंवर, नळ पहिलीच्या पहिल्या जागंवर. कार्डाला काय कळंल कोण बोललं ते?"

उषाबाईनं पेटीत डोकावून बघितलं. "डब्याला खूण बांधायची राह्यली म्हण की."

"तेच. माह्या अम्मीच्या डब्याला बांगडी नसती तर आमच्या घरी नंदामावशीचं पीठ गेलं असतं."

"गेलं असतं तर बरं झालं असतं," नंदाबाई म्हणाली. "माहं बारीक राहायचं."

"तुहं कधी बारीक होतं? बाजरीच्या दाण्यावानी जाडंभरडं दळून न्यायची," उषाबाई म्हणाली, अन् ओटाभर हशा झाला. कोणाचे ओठ कसे हसतात ते उषाबाई फिरून फिरून बघत होती.

इजहारनं टोपी हलवली, कडी वाजवून बघितली, नळाची चकरी फुंकून बघितली. दाणे दाण्यांच्या जागी, पीठ पिठाच्या. मग त्यानं खिशातून एक हिरवी बांगडी काढून पेटीच्या कडीत अडकवली. रजियाबीनं दिली होती. उषाबाईनं ती बघितली. इजहारच्या ताटात त्या दिवशी भाकरीवर लोण्याचा गोळा जरा मोठा पडला.

तेव्हापासून उषाबाईला निवडायला वेळ मिळेनासा झाला. पाटाखाली तीन बारीक झटके: शालूची वाटी. दोन: नंदाबाईचं गाऱ्हाणं. ठोसा: तातेरावचा चहा. पहिल्या दिवशी ती चहा घेऊन ओट्यावर गेली तेव्हा तातेराव कप धरून बसूनच राहिला. म्हणाला, "राग गेला का?" उषाबाई म्हणाली, "राग न्हवता. पाठ होती." सकाळी चुलीपुढं उभी असताना तळपायाला रजियाबीची थाप कळायची अन् ती न वळताच म्हणायची, "ये गं, दूध उतू जाऊन राह्यलंय, तिथंच बस." वरून सगळ्यांपुढं कुरकुर करायची, "बसू देत न्हाईत मेले घडीभर." पण खाटेवर पडल्यावर ती त्या दिवशीचे झटके मनात परत मोजायची, अन् एकेका माणसाला नाव घेऊन देवाच्या हवाली करून झोपायची. ही सगळी माणसं आधीही येतच होती. तिच्या पाठीशी उभी राहून, हाका मारून, वाटी परत नेऊन, अन् परत दुसऱ्या दिवशी येत होती. पीठ बंद झालं तरी.

अन् पाण्याचं तर उलटंच झालं. पाणी यायच्या आधी पाइपातून हवा येते, त्या हवेनंच चकरी फिरते. म्हणून गल्लीत कोणाची तोटी खाकरायच्या आधी उषाबाईचा पाट चालू व्हायचा, अन् तिची हाक बाजारतळापर्यंत जायची. आता गल्ली कान देऊन बसायची ती एका बहिऱ्या बाईच्या हाकेकडं.

पाट्यांवर बऱ्याच जागा अजून रिकाम्या होत्या. एके दिवशी उषाबाईनं इजहारला शटरपाशी नेलं. गिरणीचं जुनं, पन्हाळीचं, गंजलेलं शटर. "हेला एक लाव," ती म्हणाली.

"हितं कोण येतंय मावशी?"

"तू लाव."

पाडव्याच्या आदल्या दिवशी भारत आला. कळवलं नव्हतं, मुद्दामच. खांद्याला नेहमीची पिशवी अन् हातात ती मोठी बॅग, चाकांची, रिकामी, दगडांवर खडखड उड्या मारत येणारी. शालूनं दारातून बघितलं अन् भिंतीकडं उलथनं उचललं, तसं भारतनं तोंडावर बोट ठेवलं. तिनं हात खाली घेतला. रजियाबी दारात आली, बॅगेकडं बघितलं, अन् तिथंच उभी राहिली.

भारतनं उषाबाईच्या दारापुढं थांबून बेल दाबली.

आत उषाबाई कुरडयांचे डबे भरत होती. पाटाखाली एक लांब थरथर. परकं कोणीतरी. तिनं हात झटकले, डोक्यावर पदर घेतला, तोंड परक्यापुढं करतात तसं केलं अन् दार उघडलं.

"तू?" ती म्हणाली. मग बेलीकडं बघितलं. "अन् बेल?"

"बघत होतो माय, कळतंय का तुला."

"कळालं. कोणीतरी परकं आलं म्हणून कळालं. म्या पदर घेतला." तिची नजर बॅगेवर गेली, बॅगेवरून त्याच्या तोंडावर आली. "आपल्या माणसागत ये, मंग बघू."

"आपल्या माणसागत म्हंजे?"

"शाळंतून यायचास तवा कसा यायचास? ध्यानात न्हाई? त्याच्यापायी मार खाल्लाय तू माह्या हातचा."

भारतची मान हळूहळू गिरणीच्या शटरकडं वळली.

उषाबाई आत गेली. पाटावर बसली, दाराकडं पाठ केली, कुरडया भरू लागली. बाहेर भारतनं खिशातून घराची किल्ली काढली, शटरच्या ह्या टोकाला टेकवली, अन् त्या टोकापर्यंत ओढत नेली. खर्रर्रर्र. गल्लीतली कुत्री भुंकली. तातेराव झोपेतून दचकून म्हणाला, "आला वाटतं टारगट."

पाटाखाली झटक्यांची एक लांब माळ धावत गेली. इजहारनं लावून दाखवलं त्यानंतर ती पहिल्यांदाच धावली होती. उषाबाईचा हात डब्यावर थांबला.

भारत चोरपावलांनी आत आला. तिच्या पाठीमागं, अगदी सावली पडणार नाही असा, उभा राहिला. श्वास धरून.

"चप्पल बाहेर काढ भारत," उषाबाई म्हणाली, पाठ न वळवता. "आताच झाडलंय म्या."

भारतनं चप्पल काढली. बाहेर जाऊन ठेवली अन् परत येऊन तिच्या समोर, तोंड उजेडात धरून बसला. ते तोंड ती पाळण्यापासून वाचत आली होती.

"इजहारला काय सांगू?" तो म्हणाला. "कसे फेडू उपकार?"

"त्याला काय सांगायचं? जेवायला बोलव. रजियाबीला पण. उद्या पुरणपोळी हाय." ती डब्याचं झाकण दाबत म्हणाली, "अन् जाताना लेकराइसाठी पिशवी भर मंग. ह्या कुरडया, ती निवडलेली ज्वारी, शालूनं दिलेल्या शेवया. माह्या सुनंला सांग, चुरू नको म्हणावं."

"एवढं सगळं पिशवीत कसं बसंल?"

"मोठी बॅग आणलीस ना?"

भारतनं दाराकडं बघितलं. बॅग उंबऱ्याबाहेरच उभी होती. तो उठला, ती आत ओढून आणली, चेन उघडली, अन् माय देईल ते एकेक करून तळापासून लावू लागला. तेवढ्यात पाट थांबता थांबेना असा थरथरू लागला. उषाबाईनं कुरडयांचा डबा त्याच्या हातात कोंबला अन् पदर खोचत दाराकडं पळाली.

"पाणी आलंऽऽ!"